थिसिसकाका

थिसिसकाकांचं शिक्षण बी.कॉम. दुसऱ्या वर्षापर्यंत. तिसऱ्या वर्षी कॉस्टिंगचा पेपर राहिला तो राहिलाच. पण मधुमेहाने सडलेल्या पायाची वॅग्नर ग्रेड कशी ठरवतात, आतडं फुटलेल्या पेशंटचा मॅनहाइम स्कोअर २९ च्या पुढे गेला की नातेवाइकांशी कोणत्या सुरात बोलायचं, हर्नियाची जाळी कोणत्या थरावर बसते, हे त्यांना झोपेतून उठवून विचारा. उत्तर तर येईलच, वर ‘मागच्या एका थिसिसात आहे, काढून दाखवू का?’ असंही येईल.

थिसिस टाइप करून देण्याचं त्यांचं दुकान छत्रपती संभाजीनगरात, घाटीच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या, पंचक्रोशीत. नेमकं कुठे ते सांगत नाही. असे काका एकाहून जास्त आहेत, आणि हे वर्णन आपलं नाही असं ज्यांना वाटेल ते भांडायला येतील. मिरजेत, नागपुरात, अंबाजोगाईत, जिथे जिथे मेडिकल कॉलेज आहे तिथे तिथे त्यांची भाऊबंदकी आहे. मी चार-पाच काका मिळून एक काका केला आहे. सॅम्पल साइझ लहान आहे, पण थिसिसच्या शेवटी ‘लिमिटेशन्स’मध्ये हे एकदा लिहून टाकलं की चालतं, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

दुकान दहा बाय बाराचं. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, स्पायरलचं एक मशीन, आणि वर माळा. माळ्यावर काळ्या रेक्झिनचे, सोनेरी अक्षरांचे थिसिस छतापर्यंत रचलेले. प्रत्येक थिसिसची एक प्रत काका स्वतःसाठी काढून ठेवतात. ‘रेकॉर्डला असावी,’ म्हणतात. कॉलेजच्या लायब्ररीतली प्रत शोधायला अर्ज लागतो, काकांकडची शोधायला शिडी लागते. शिडी लवकर मिळते.

मराठवाड्याचा अलीकडचा इतिहास काका थिसिसच्या पहिल्या पानावरून सांगतात. घाटीचं कॉलेज १९५६ चं, विद्यापीठ १९५८ चं. ‘तेव्हा एका ओळीत काम व्हायचं. मराठवाडा युनिव्हर्सिटी, औरंगाबाद. सुटसुटीत. १९९४ ला नामविस्तार झाला, बाबासाहेबांचं नाव आलं, आपण बाबासाहेबांच्या नावाचा फाँट दोन पॉइंटांनी वाढवला. १९९८ ला नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं. मग ‘महाराष्ट्र युनिव्हर्सिटी ऑफ हेल्थ सायन्सेस’, पुन्हा दोन ओळी. आता २०२३ पासून गावाचं नाव. नावाला आपली हरकत काय असणार, पण थिसिस सव्वा इंच जाड, त्याच्या पाठीवर ‘छत्रपती संभाजीनगर’ आडवं बसवून दाखवा कोणी.’ शेवटी ते उभं बसवतात. त्यासाठी बायंडिंगवाल्या चाचांशी अर्धा तास वाद होतो. चाचा म्हणतात, ‘मियां, अक्षर छोटा करो.’ काका म्हणतात, ‘अक्षर छोटं करणार नाही.’ मग थिसिस जाड करायचं ठरतं. त्यासाठी रिव्ह्यू ऑफ लिटरेचर वाढवतात.

काकांनी सुरुवात टाइपरायटरवर केली. पाच प्रती, चार कार्बन. शेवटची प्रत वाचायची तर परीक्षकाला आधी नेत्ररोग विभागात पाठवावं लागायचं. आलेख ग्राफपेपरवर स्केचपेनने काढलेले, फोटो डिंकाने चिकटवलेले. उन्हाळ्यात डिंक सुटला की एका पेशंटची जखम सरकून दुसऱ्याच्या पानावर जायची आणि तिथे बरी झालेली दिसायची. त्या काळातल्या यशाच्या टक्केवारीवर काकांचा आजही फारसा विश्वास नाही.

पहिल्या वर्षाचा रेसिडेंट काकांकडे येतो तेव्हा दोन रात्रींचा जागा असतो. त्याला सिनॉप्सिस द्यायचा असतो आणि विषय नसतो. गाईडसरांनी चालता चालता, ओटीच्या दारात, ‘काहीतरी नवीन बघ, पण फार नवीन नको, केसेस मिळाल्या पाहिजेत,’ एवढं सांगितलेलं असतं. काका चहा सांगतात.

‘डॉक्टर, युनिटला काय जास्त येतं?’

‘परफोरेशन.’

‘ते गेल्या साली दोघांनी केलं. डायबेटिक फूट?’

‘सिनियरने घेतलाय.’

‘मग हर्निया करा. हर्नियाला मरण नाही.’

विषय ठरला की सॅम्पल साइझ. इथे काका कागद ओढून सूत्र मांडतात: चार पी क्यू, भागिले एलचा वर्ग. पी म्हणजे आजाराचं प्रमाण, क्यू म्हणजे शंभरातून ते वजा करून उरलेलं, एल म्हणजे किती चूक चालवून घ्यायची ते. ‘पी ५० धरा, एल १० धरा. चार गुणिले ५० गुणिले ५०, दहा हजार. भागिले शंभर. उत्तर शंभर. होतील का शंभर पेशंट?’

‘नाही हो काका. साठ-सत्तर.’

‘मग चूक वाढवा. एल १३ धरा. एकोणसाठ पूर्णांक काहीतरी येतं. साठ लिहा.’

पेशंट किती लागतील यावरून अभ्यास आखायचा, असं पुस्तकात आहे. इथे पेशंट किती मिळतील यावरून चूक आखतात. आणि लगेच काका बजावतात, ‘आता हे पीएसएम विभागाच्या मॅडमकडून नीट समजून घ्या. व्हायव्हाला मी येणार नाही.’

मग एथिक्स कमिटी. काकांना या कमिटीबद्दल आदर आहे, कारण तिच्यामुळे पाच प्रती जास्त निघतात. पण एका बाबतीत काका कमिटीपेक्षा कडक आहेत. मराठी संमतीपत्रक नऊ पॉइंटात आणून दिलं की ते परत करतात. ‘सही करणारा माणूस सिल्लोडहून पहाटेच्या एसटीने आलाय, चष्मा घरी विसरलाय. चौदा करा.’ पानं वाढतात, रेसिडेंट कुरकुरतो, काका ऐकत नाहीत. शिवाय सीटीआरआयचा नंबर असल्याशिवाय ते ट्रायलचा थिसिस टाइपच करत नाहीत. देशातल्या क्लिनिकल ट्रायल्सची ही नोंदवही २००७ ला सुरू झाली, आणि एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घेण्याआधीच नोंद करावी लागते. काका हे एलआयसी एजंटाच्या तोंडून ऐकल्यागत सांगतात: ‘आधी पॉलिसी, मग अपघात. उलटं चालत नाही.’

नक्कल ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने मात्र त्यांचा छळ मांडला आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ आहे. पोरं रिपोर्ट घेऊन येतात तो ४० चा. मग कोणीतरी वाक्यं फिरवून देणारं ॲप वापरतो. हा रोग आपल्याकडेच आहे असं नाही. ‘ब्रेस्ट कॅन्सर’च्या जागी ‘बुझम पेरिल’ छापून आलेले शोधनिबंध फ्रान्समधल्या गीयोम कबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये जगापुढे मांडले, आणि ते छापणारी नियतकालिकं चांगली नावाजलेली होती. काकांना त्या संशोधकांचं नाव माहीत नाही. पण असला मजकूर आला की ते न वाचता, नुसत्या वासावर ओळखतात आणि म्हणतात, ‘डॉक्टर, हे तुमचं इंग्रजी नाही. तुमचं इंग्रजी मला माहीत आहे.’

पी व्हॅल्यूवर त्यांची श्रद्धा नाही. ‘१९२५ साली फिशर नावाच्या साहेबाने पुस्तकात लिहून ठेवलं की विसात एक, म्हणजे ०.०५, ही मर्यादा सोयीची आहे. सोयीची म्हणाला तो, देवाची नाही म्हणाला.’ ०.०५१ आलेला रेसिडेंट काकांसमोर रडकुंडीला येतो तेव्हा ते त्याला पाणी देतात आणि ‘नॉट सिग्निफिकंट’ टाइप करतात. एकदा एकाने विनवलं, काका, शेवटचा एक आकडा गाळा ना. काकांनी कॉम्प्युटर बंद केला आणि जेवायला निघून गेले. सकाळचे अकरा वाजले होते.

आता सतरा नंबरच्या पेशंटची गोष्ट. रेसिडेंट कुठल्या कॉलेजचा होता ते विचारू नका, आणि तो या जिल्ह्यातलाच होता असंही मी म्हणत नाही. हर्नियाचा थिसिस, जाळी बसवलेली, साठ पेशंट, फॉलोअप एक, तीन आणि सहा महिन्यांचा. पोरगा प्रोफॉर्म्यांचा गठ्ठा आणि मास्टर चार्ट ठेवून समोर डुलक्या घेत होता. सहा महिन्यांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द: निल. कोणालाच दुखत नव्हतं, कोणाचाच हर्निया परत आला नव्हता. काकांचे हात थांबले.

‘डॉक्टर, हा सतरा नंबर. गाव गेवराईकडचं. धंदा ऊसतोड.’

‘हो.’

‘ऑपरेशन सप्टेंबरात. म्हणजे सहा महिन्यांचा फॉलोअप मार्चात.’

‘हो.’

‘मग मार्चात हा तुमच्या ओपीडीत काहून आला? पट्टा तर पडला नव्हता.’

पोराची झोप उडाली. तो पुण्याकडचा होता. पट्टा पडणे म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणे, हे त्याला काकांनी सांगितलं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायको, म्हणजे एक कोयता, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात. मधे एक दिवस बुडवला तर खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम कापतो. जाळी कशी आहे हे दाखवायला कोल्हापूरकडून एसटीने कोणी येत नाही.

‘फोनवर विचारलं होतं काका.’

‘फोनवर हर्निया दिसला?’

पोरगा गप्प.

‘मग तसं लिहा. फोनवर विचारलं असं लिहा. ज्याचा फोन लागला नाही त्याच्यापुढे लॉस्ट टू फॉलोअप लिहा. लाजायचं काय त्यात? माणूस हरवला नाही, उसात आहे.’

पोराने तक्रारीच्या सुरात सांगितलं की सर रागावतील. काका म्हणाले, रागावू द्या. आणि मग ते जे बोलले ते मी त्या दुकानात झेरॉक्सची वाट बघत ऐकलं. ‘तुमच्या डिस्चार्ज कार्डावर छापलंय, जड उचलू नये. हा माणूस दिवाळीपासून तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतोय. जाळी टिकते का नाही हे बघायचं तर ह्यालाच बघायला पाहिजे. आणि नेमका हाच तुमच्या चार्टात नाही. जो येतो तो पेन्शनर. त्याला घरी बायको पाण्याची बादली उचलू देत नाही, त्याची जाळी टिकणारच.’

लिक्टेन्स्टाइन यांचा, ताण न देता जाळी बसवण्यावरचा १९८९ चा लेख प्रत्येक हर्नियाच्या थिसिसात संदर्भ म्हणून असतो. ते लॉस एंजेलिसचे. त्यांच्या पेशंटांना मुकादम नव्हता. मोळी उचलणाऱ्याची जाळी टिकते का, हा प्रश्न मराठवाड्यातच विचारला जाऊ शकतो, आणि तो विचारला तो बी.कॉम. नापास माणसाने, टाइप करता करता. त्या पोराने रकाना सुधारला. निम्म्या ठिकाणचे निल गेले. ऊसतोडीचा मुद्दा लिमिटेशन्समध्ये अडीच ओळींत आला. परीक्षकाने थिसिस स्वीकारला. पुढच्या वर्षी त्या अडीच ओळींवर कोणी नवा थिसिस घेतला का? नाही. पुढच्या वर्षी दोघांनी परत परफोरेशन घेतलं.

इतकं टाइप केल्यावर माणूस थोडा डॉक्टर होणारच. काकांचा भाचा एकदा पोट धरून आडवा झाला. घरच्यांनी ओवा-सोडा सुरू केला. काकांनी मात्र खिशातून पेन काढलं आणि अल्वाराडो स्कोअर मांडायला घेतला. अपेंडिक्सला सूज आहे का हे ठरवायचा हा १९८६ चा दहा मार्कांचा पेपर. सर्जरीचा एकही रेसिडेंट त्यातून सुटत नाही. ‘दुखणं आधी बेंबीजवळ होतं, मग उजवीकडे खाली गेलं? एक. भूक मेली? दोन. उलटी? तीन. ताप?’ थर्मामीटर लावला. ‘चार.’ मग रिक्षा करून कॅज्युअल्टीत नेलं आणि ड्युटीवरच्या रेसिडेंटला कागद दिला. ‘चार मी काढलेत. पोटाला हात लावायचे तीन आणि रक्ताचे तीन, ते तुमचे. मी माझ्या मर्यादेत राहिलो आहे.’ रेसिडेंटने स्वतःचा सिनॉप्सिस काकांकडेच टाकलेला होता, त्यामुळे कागद आदराने घेतला गेला. बाकीच्या सहापैकी पाच मिळाले. अपेंडिक्स निघालं. भाच्याला आता सगळे ‘आपला नऊ मार्कांचा’ म्हणतात.

दुकानात गणपतीच्या फोटोशेजारी काकांनी लॅमिनेट करून दोन पानं लावली आहेत. ‘लॅन्सेट’, १९८६, पान ५१० आणि ५११. लेखक हिंमतराव बावस्कर आणि प्रमोदिनी बावस्कर, महाड. कोकणातला लाल विंचू चावला की माणसाच्या फुप्फुसात पाणी भरतं, हृदय हरतं. त्यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध चालतं, हे त्या दोन पानांत आहे. त्याआधी असे चाळीसेक टक्के पेशंट दगावायचे, नंतर ते प्रमाण एक टक्क्यावर आलं. आणि नंतर २०११ मध्ये ह्याच डॉक्टरांनी विंचूदंशावरचं प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र देऊन पाहिलं, एकट्या प्राझोसिनपेक्षा ते लवकर उतार देतं असं दिसल्यावर तेही छापलं, ‘बीएमजे’त. आपलंच औषध आपणच तपासायचं, ह्याचं काकांना फार अप्रूप.

‘डॉक्टर बावस्कर कुठले माहीत आहे? देहेडचे. तालुका भोकरदन.’

‘म्हणजे जालन्याचे,’ कोणीतरी म्हणतं.

‘जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्यांचा जन्म त्याच्या कितीतरी आधीचा. तेव्हा भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात. आपलेच.’

मग ते त्या दोन पानांकडे बोट दाखवून प्रत्येक नव्या रेसिडेंटला सुनावतात: ‘दोन पानं. ना मेडिकल कॉलेज, ना गाईड, ना डीन. महाडमधे बसून. आणि तुमचे एकशेवीस पानं, त्यातली चाळीस हर्नियाचा इतिहास. इजिप्तपासून.’ रेसिडेंट मान खाली घालतो. काका त्या इजिप्तच्या पानांचे पानाप्रमाणे पैसे लावतात.

थिसिसमधलं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान म्हणजे आभाराचं. त्यावर काकांचा हात कोणी धरू शकत नाही. क्रम ठरलेला: देव, आई-वडील, गाईड, विभागप्रमुख, डीन, लेक्चरर, को-रेसिडेंट, सिस्टर, ओटीतले मामा, आणि सगळ्यात शेवटी, ज्यांच्याशिवाय हा अभ्यास झालाच नसता ते पेशंट. एका सीझनला रात्री दोन वाजता कॉपी-पेस्टमध्ये पेशंटांची ओळ डीनच्या वर गेली. काकांच्या लक्षात आलं तेव्हा चार प्रती सोनेरी अक्षरांसकट तयार होत्या. काका चार दिवस धास्तावलेले. गाईडची सही झाली, विभागप्रमुखांची झाली, डीन ऑफिसचा शिक्का बसला, बाहेरच्या परीक्षकाने ‘एक्सलंट’ लिहून पाठवलं. तेव्हापासून काका त्या ओळीला मुद्दाम वर ठेवतात आणि कोणाच्याच ते लक्षात येत नाही, असा त्यांचा दावा आहे. मी चार-दोन थिसिस उघडून पाहिले. दावा खरा आहे.

स्वतःचं नाव मात्र ते आभारात घालू देत नाहीत. थिसिस पास झाला की पोरं पेढे आणतात, कोणी इमरती आणतो. चाचांना पार्टी म्हणून नान-खलिया लागतो. काका माळकरी, ते समोर बसून वरण-भात खातात आणि पुढच्या थिसिसची पानं लावतात.

तर कोणाचा मुलगा, मुलगी, भाचा, पुतणी यंदा पीजीला लागली असेल तर एवढा निरोप द्या. काकांकडे जाताना मास्टर चार्टातला एकही रकाना अंदाजाने भरून नेऊ नका. ते पंचांग आणि कारखान्याचा हंगाम, दोन्ही बघतात. आणि शेवटच्या आठवड्यात जाऊ नका. शेवटच्या आठवड्यात काका दुप्पट दर लावतात, आणि तो मोजूनही चाचा ‘परसों पक्का’ एवढंच म्हणतात.